जेनेट वहिनी आणि उशिरा लग्न झालेल्या बायका

फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. हॉस्पिटलमध्येच जायला निघाले होते. नर्सने आधी विचारलं, "जेनेटच्या तुम्ही कोण?" मी म्हटलं, "सिस्टर-इन-लॉ." तिने पुढे विचारलं, "त्यांचं आणखी जवळचं कोणी आहे का, ज्यांना आम्ही कळवू शकतो?" मी म्हटलं, "नाही. मीच." मग तिने सांगितलं. पहाटे, झोपेतच, त्रास न होता... मी थँक यू म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि उरलेली काच साफ करत राहिले. घाई करण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तरी हात थांबेनात. शेजारच्या माणसाने अंगणातूनच "यू ओके?" विचारलं, तेव्हा लक्षात आलं की काच कधीचीच स्वच्छ झालीय.

याला आता दोन महिने होत आले. 'वहिनी गेल्या' लिहावं की 'वहिनी गेली', इथेच मी बराच वेळ अडकले होते. आम्ही दोघी आयुष्यभर इंग्रजीत बोललो, त्यामुळे अहो-जाहोचा प्रश्न कधी आलाच नाही. 'वहिनी गेल्या' लिहून पाहिलं तर ती कोणी दुसरीच बाई वाटायला लागली. तेव्हा गेलीच म्हणते. माझी जेनेट वहिनी, माझ्या एकुलत्या एका भावाची बायको, शाळेत भूगोल शिकवणारी, उंच, हाडापेराने मोठी, मोठ्या आवाजात हसणारी... ती गेली.

अविनाशदादाने लग्न ठरल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. शिकायला म्हणून अमेरिकेत गेलेला, तिथेच राहिलेला. मुलगी अमेरिकन आहे, म्हणजे तिचे पूर्वज स्कॉटलंडमधून आलेले, हे सगळं आमच्या आईने नागपूरला निमूट ऐकून घेतलं. जात, धर्म, देश, कशाहीबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "वय काय तिचं?" दादा म्हणाला, "एकोणचाळीस." आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. तिचं स्वतःचं लग्न सोळाव्या वर्षी झालं होतं, आणि सतराव्या वर्षी दादा तिच्या मांडीवर होता.

त्या डिसेंबरात दोघं नागपूरला आली. गच्चीत उन्हाला बसून आम्ही संत्री सोलत होतो. आई मला म्हणाली, "तिला विचार, एवढी वर्षं कशासाठी थांबली?" मी दादाकडे पाहिलं, तर तो संत्र्याच्या बिया काढण्यात गढून गेला होता. शेवटी मी विचारलं. जेनेटला राग आला नाही. ती म्हणाली, "मी थांबले नव्हते. शाळेत शिकवत होते, कुत्रा पाळला, आईचं दुखणं काढलं. मग अविनाश भेटला." मी ते मराठीत सांगितलं. आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आमच्या हिचंही असंच चाललंय. चौतिसावं लागलं. आता कोण येणार?" हेही इंग्रजीत सांगणं भाग होतं, कारण जेनेट माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी सांगितलं. ती सतरंजीवर थोडी सरकली आणि शेजारची जागा थोपटून मला तिथे बसवून घेतलं. त्या गच्चीतल्या आम्ही दोघी उशीर झालेल्या बायका. आमची मैत्री तिथेच झाली असावी.

दोनेक वर्षांनी मीही अमेरिकेत आले. केमिस्ट्रीतली डॉक्टरेट होती, मेरीलँडमधल्या एका लॅबमध्ये काम मिळालं. शनिवारी मी गाडी काढून अ‍ॅशबर्नला, दादाकडे जायचे. तेव्हा तिथे चक्क शेतं होती, गाई होत्या. आज त्याच रस्त्याला दोन्ही बाजूंनी डेटा सेंटर्सच्या बिनखिडक्यांच्या भिंती आहेत, आणि रात्रंदिवस त्यांची घरघर चालू असते. वहिनी म्हणायची, "एवढं सगळं आत साठवून ठेवतात, पण बघतं कोण?"

तिला मूल हवं होतं. किती हवं होतं हे ती बोलून दाखवायची नाही, पण शाळेतल्या मुलांबद्दल बोलताना मध्येच गप्प व्हायची. एकदा दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. वर्षभराने पुन्हा तसंच. दुसऱ्या वेळेस डॉक्टर म्हणाले, वयाचा भाग आहे. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला तिची आत्या जेवायला होती. टर्कीचा तुकडा ताटात घेता घेता ही आत्या म्हणाली, "आपल्या घराण्यात सगळ्या मुली सोळाव्या वर्षी उजवल्या जायच्या. दर वर्षी पाळणा हलायचा. तुझ्याच पिढीला काय झालंय कळत नाही." वहिनी शांतपणे म्हणाली, "हे तुला कोणी सांगितलं?" आत्या म्हणाली, "सगळ्यांनाच माहीत आहे."

वहिनीने ते मनावर घेतलं. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट खरी आहे का हे बघायचं तिने ठरवलं. तिच्या वडिलांचे पूर्वज अ‍ॅबर्डीनशायरमधल्या खेड्यांतले होते. तिकडच्या चर्चमधल्या जन्म-लग्नांच्या नोंदींच्या फिल्म मागवता यायच्या, आणि एका लायब्ररीच्या तळघरात यंत्रावर लावून वाचता यायच्या. शनिवारी मीही तिच्याबरोबर जायला लागले. अंधारी खोली, यंत्राचा पिवळट उजेड, आणि शेजारी कोणी ना कोणी म्हातारा आपापल्या आजोबांच्या शोधात डोळे फोडत बसलेला. अक्षर किडमिडीत, शाई उडालेली. स्कॉटलंडमध्ये एक चांगलं होतं. तिथे बाईचं माहेरचं नाव लग्नानंतरही कागदोपत्री तसंच राहायचं, थडग्याच्या दगडावरसुद्धा. त्यामुळे बाईचा माग काढता यायचा. मी वहिनीला म्हटलं, "आमच्याकडे लग्नात नावच बदलतात. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज कोणालाही सांगता येणार नाही." तिला ते खरंच वाटेना.

काही महिन्यांत तिच्या पणज्या, खापरपणज्या एकेक करून वर आल्या. सोळाव्या वर्षी लग्न झालेली एकही नव्हती. कोणाचं सत्ताविसाव्या वर्षी, कोणाचं एकोणतिसाव्या. एल्स्पेट नावाच्या खापरपणजीचं एकतिसाव्या. दोघीतिघींचं तर लग्नानंतर महिन्या-दोन महिन्यांतच पहिलं मूल जन्मलं होतं. हे आत्याला कळवायचं की नाही यावर दादा आणि वहिनी गाडीत पोट धरून हसले होते. पण वहिनीने त्यामागचं कारणही वाचून काढलं. ही सगळी शेतांवर राबणारी माणसं. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की परक्याच्या शेतावर कामाला जायची, सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर. दूध काढणं, लोणी करणं, गड्यांचा स्वयंपाक. राहायचं तिथेच. गडी आणि मोलकरीण यांचं जुळलं तरी संसार मांडायला खोपटं हवं, आणि लग्न झालेल्या गड्याला घर देणारे मालक थोडे. मग थांबायचं. दहा-दहा वर्षं थांबायचं. "म्हणजे त्याही कोणासाठी थांबल्या नव्हत्या," वहिनी म्हणाली. "नुसत्या काम करत होत्या."

मग एका शनिवारी तिला एल्स्पेटचं शेवटचं मूल सापडलं. तेव्हा एल्स्पेटचं वय होतं त्रेचाळीस. वहिनीने वजाबाकी दोनदा करून पाहिली, मग मला करायला लावली. तिलाही त्याच उन्हाळ्यात त्रेचाळीस पूर्ण झाली होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नलू," ती म्हणाली, "इट्स नॉट ओव्हर." तो चेहरा मला अजून दिसतो. पुढची दोन वर्षं ती त्या एका बाईच्या भरवशावर जगली. इंजेक्शनं, तपासण्या, डॉक्टर बदलणं. दादा थकला होता, पण तिला नाही म्हणत नव्हता. आणि ती लायब्ररीत जातच होती, एल्स्पेटच्या बहिणी, जावा, शेजारणी, त्या गावातली बाई नि बाई धुंडाळत.

तिसऱ्यांदाही गेलं. त्यानंतर मी तिच्याकडे राहायला गेले. ती स्वयंपाकघरात खिडकीशी बसली होती. मला बघून म्हणाली, "त्रेचाळिसाव्या वर्षी मुलं झालेल्या पुष्कळ बायका आहेत गं. चव्वेचाळिसाव्यासुद्धा. पण ते त्यांचं सहावं, सातवं असतं. शेवटचं. त्या वयात पहिलं मूल झालेली एकही सापडली नाही. मला हे कधीपासून माहीत होतं." मी चहा केला, तो तसाच गार झाला.

त्याच आठवड्यात नागपूरहून आईचा फोन आला. वहिनीने तो स्पीकरवर टाकला आणि मला म्हणाली, "आईंना विचार, पहिल्या वेळी त्यांना कसं वाटलं होतं?" मी विचारलं. मग आई म्हणाली, "भीती वाटली होती. माझी मोठी बहीण आधल्याच वर्षी बाळंतपणात गेली होती. अठरा वर्षांची होती ती. मला कळा सुरू झाल्या तेव्हा मी दाराची चौकट धरून बसले, आत जाईना." मला हे अगदी नवीन होतं. आईला बहीण होती हेच मला माहीत नव्हतं. मी कसंबसं इंग्रजीत सांगितलं. आई पुढे म्हणाली, "तिला सांग, मी तेव्हा वय विचारलं ते चुकलंच. पण तिने मनाला लावून घेऊ नये म्हणावं. आम्हाला लवकर मिळालं, पण आम्ही तेव्हा माणसात कुठे होतो? तिला निदान नवरा कळला." वहिनी फोनच्या अगदी जवळ वाकून, तिला येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाली, "हो, आई." दोघी सासू-सुना त्यानंतर जे काही बोलायच्या, त्यात दुभाषी म्हणून मी असले तरी मला आपण मध्ये आहोत असं वाटायचं नाही.

तिने फिल्म वाचणं सोडून दिलं. पुढे कितीतरी वर्षं पूर्वजांचा विषय घरात निघाला नाही. आई गेली. मग एका मार्चमध्ये अविनाशदादा गेला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता. त्यानंतर त्या घरात वहिनी एकटी, आणि तासाभराच्या अंतरावर लग्न न केलेली मी एकटी. रिटायर झाल्यावर मीही अ‍ॅशबर्नलाच, तिच्या घराजवळ टाउनहाऊस घेतलं. भारतीय दुकानातून येताना मी तिच्यासाठी पार्ले बिस्किटं आणि आल्याचा चहा घ्यायचे. इथे नव्याने आलेली मराठी मुलं-मुली मला मावशी म्हणतात, गणपतीला बोलावतात. वहिनीही यायची, मागच्या खुर्चीवर बसायची. बाकीच्या बायका नातवंडांचे फोटो दाखवायला लागल्या की आम्ही दोघी प्लेटा उचलायला उठायचो.

एक दिवस गेले तर ती कॉम्प्युटरपुढे बसलेली. आता सगळ्या नोंदी घरबसल्या दिसत होत्या. मला वाटलं पुन्हा एल्स्पेट. तर म्हणाली, "नाही, एल्स्पेटला शोधणारे जगभर शंभर लोक आहेत, तिच्या मुलांची मुलं. मी आयझोबेलला शोधतेय." आयझोबेल म्हणजे एल्स्पेटची धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही, मूल नाही. लोकांनी कॉम्प्युटरवर मांडलेल्या वंशावळीत तिचं नाव आणि जन्म एवढंच होतं, पुढे काही नाही. तिच्यापासून कोणी जन्माला आलं नाही, मग तिचा शोध घेणार कोण? "अशा खूप होत्या, नलू," वहिनी म्हणाली. "उशिरा लग्न होणाऱ्यांच्या गावात काहींचं राहूनच जायचं. कोणाला खोपटं मिळालं नाही, कोणाला माणूस. या बायका सगळ्यांच्या झाडांवरून गळून गेल्यात."

तिने आयझोबेलचा माग काढला. जनगणनेत ती दर वेळी वेगळ्या शेतावर सापडायची. आधी स्वयंपाकघरातली मुलगी, मग दूध काढणारी, पुढे लोणी-चीज सांभाळणारी. म्हातारपणी भावाच्या घरी, 'बहीण, अविवाहित' म्हणून. मग मृत्यूची नोंद, ती भावाच्या मुलाने केलेली. वहिनी ते मला असं सांगायची, जसं शेजारणीचं सांगावं. "या वर्षी तिने शेत बदललं बघ. मालकीण वाईट असणार." मी विचारलं, "हे सगळं कोणासाठी करतेस?" ती म्हणाली, "तिच्यासाठी. आणि तू विचारणार नाहीस म्हणून मीच विचारते... आपल्याला कोण शोधणार आहे?" तिने ते रडत सांगितलं नाही, बिस्किट चहात बुडवत सांगितलं. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. डेटा सेंटरची घरघर ऐकू येत होती.

आयझोबेलनंतर तिने तशाच आणखी बायका शोधल्या, ज्यांच्याशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. स्कॉटलंडला एकदा जाऊन यायचं असं दर वर्षी ठरायचं. मग गुडघा, मग हृदय, मग ऑक्सिजनची नळी. राहिलंच ते.

तिची-माझी शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली. ड्यूटीवरची डॉक्टर इथेच जन्मलेली मुलगी होती, आडनावावरून मराठी. माझ्याकडे बघून तिने हळूच "नमस्कार, मावशी" म्हटलं आणि मग इंग्रजीत वहिनीला विचारलं, "मुलं आहेत का तुम्हाला?" हा प्रश्न वहिनीने जन्मभर ऐकला होता. ती म्हणाली, "नो. आय हॅव अ नणंद." डॉक्टरला शब्द कळला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. वहिनीनेच मास्क बाजूला करून तिला समजावलं, "सिस्टर-इन-लॉ म्हणजे कोणीही असू शकतं, भावाची बायको, बायकोची बहीण. नणंद एकच असते. नवऱ्याची बहीण. मराठीत त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे." इतकं बोलून तिला धाप लागली. मी पाणी दिलं. निघताना ती म्हणाली, "बर्फ पडणार म्हणतात. उद्या ड्राइव्ह करू नकोस." मी म्हटलं, "बघते." दुसऱ्या दिवशी तो फोन आला.

अंत्यविधीला माणसं थोडी होती. शेजारचं जोडपं, शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका, पन्नाशीला आलेले काही विद्यार्थी, गणपती मंडळातल्या चार बायका. मंडळातल्या एकीने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "आता तुमचं कोण आहे इथे, काकू?" तिचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, "आहेत ना तुम्ही सगळे." ती "हो, हो" म्हणाली. मग मी घरी आले.

घर माझ्याकडे आलं. मला दोन घरं काय करायचीत? विकायला काढलं. गेल्या रविवारी एजंट एका जोडप्याला घेऊन आली. मुलगी मूळची पुण्याची, सायबर सिक्युरिटीत काम करणारी, नवरा इथलाच, तिच्या मागे मागे टेप घेऊन खिडक्या मोजत फिरणारा. मी मराठी आहे कळल्यावर तिला हायसं वाटलेलं दिसलं. स्वयंपाकघर, बेसमेंट बघून झालं आणि ती जिन्यावरून वर, कोपऱ्यातल्या लहान खोलीत गेली. मी मागोमाग गेले. ही खोली वहिनीने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फिकट पिवळ्या रंगाने रंगवून घेतली होती, आणि कशासाठी हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पुढे तिथे तिचं टेबल आलं, कॉम्प्युटर आला. आता सगळं हलवून झालं होतं. कार्पेटवर टेबलाच्या पायांचे चार खळगे तेवढे राहिले होते.

मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहिली. कोटाची बटणं तिने उघडली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिला कळलं की मला कळलंय. ती जरा ओशाळून हसली.

"पाचवा महिना आहे, मावशी. फर्स्ट टाइम. आय नो, लेट आहे खूप. एकेचाळीस पूर्ण झाली मला. सगळे तेच म्हणतात."

जेनेट वहिनी असती तर तिने या मुलीला एल्स्पेटची गोष्ट सांगितली असती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, फक्त त्रेचाळिसाव्या वर्षीचं ते मूल पहिलं नव्हतं एवढं गाळून.

"रूम छान आहे," मुलगी म्हणाली. "इथे कोण राहायचं?"

"माझी वहिनी इथे बसायची."

"लाइट कसा असतो इथे? बेबीला चालेल ना?"

"पूर्वेची खिडकी आहे," मी म्हटलं. "सकाळी भरपूर ऊन येतं. दुपारी शांत असतं. तू बघ सावकाश, काही घाई नाही."

आणि तिला एकटीला बघू द्यावं म्हणून मी बाहेर येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.